सोनाराच्या छज्ज्याखालची अक्षरं

मास्तर,

परवा डोंबिवलीत एका सोनाराच्या दुकानावर नावाची अक्षरं बसवली. त्यांचा खरा खर्च सांगतो. स्टील गिऱ्हाइकाचं, ते सोडा. माझं गेलं ते असं: अख्खी सकाळ, भोकं बुजवायला पुट्टी, कारागिरांची जेवणाची सुट्टी, आणि तुमच्या मुलीसमोर तोंडातून निघालेलं ‘बरं, ताई’. यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडलं.

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की कल्याणचा तुमचा कारखाना पाडून तिथे टॉवर उभा राहिला. ब्रशचे दिवस संपले तेव्हा तुमच्याकडचे बाकीचे पेंटर रिक्षा चालवायला लागले. मी उठावाच्या अक्षरांत शिरलो आणि कुणाच्या ओळखीशिवाय वर आलो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझं एक अक्षर वाकडं दाखवा, असं गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगतो. गिऱ्हाईक हसतं, पण अॅडव्हान्स देतं.

सोनाराच्या भिंतीला पोट आलेलं. मी तुमच्या पद्धतीने बोटाने ठोकत गेलो, गिलावा कुठे पोकळ वाजतो, कुठे विटेचा आवाज येतो ते ऐकून भोकं पाडली. अक्षरांमागच्या दांड्यांवर नळीचे लहान-मोठे तुकडे घालून सगळ्यांची तोंडं एका रेषेत आणली. लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मध्ये. तरी सोनार रस्त्यापलीकडून ओरडला, “अहो, माझं नाव घसरतंय! उद्या उद्घाटन आहे, लोक म्हणतील काटापण असाच असेल!”

मी परांचीवरूनच त्याला बुडबुडा दाखवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, “दादा, बाबा असते तर खाली उतरवलं असतं तुम्हाला.” तुमची मुलगी. बँकेत असते, हातात मेथीची जुडी. आयुष्यात तिने एक अक्षर रंगवलेलं नाही.

“ताई, लेव्हल बघा की.”

“लेव्हल तुम्हाला दिसते. बाकीच्यांना छज्जा दिसतो. तो उजवीकडे बोटभर उतरलाय, म्हणून त्याच्याखालचं सरळ नाव चढल्यासारखं वाटतंय, आणि सोनाराला वाटतं डावीकडे घसरलंय. निम्मं छज्ज्याचं ऐका, निम्मं लेव्हलचं.”

बरं, ताई. सगळं काढून पुन्हा लावलं. छान दिसलं, हेच वाईट. सोनाराने पेढ्यांचा बॉक्स आधी तिच्यापुढे धरला.

त्या पेढ्यांबरोबर मी मनाने थेट तुमच्या वेळच्या कल्याणला जाऊन पोचलो. धान्याच्या व्यापाऱ्याचं दुकान, लाकडी अक्षरं, मी परांचीवर. मी भिंतीला कान लावून म्हणतो, “मास्तर, इथे पोकळ आहे,” आणि तुम्ही म्हणता, “कान आहे रे तुला.” एवढं ऐकायला मी सकाळपासून थांबलेलो असतो. मग ती ठाण्याच्या कॉलेजातून येते, खांद्याला पिशवी. तुम्ही परांचीवरून उतरता, तिला रस्त्यापलीकडे उभी करता आणि स्वतः तिच्या मागे उभे राहता. “बघ गं बाळ.” ती म्हणेल ते अक्षर मी काढायचं, ती म्हणेल तिथे ठोकायचं. एकदा मी तोंड उघडलं, “तिला काय कळतं यातलं?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “कळत नाही, दिसतं. तुला कळतं, तेवढ्यावर उडू नकोस.”

मास्तर, मग मला एकदा तरी तिथे का नाही उभं केलंत? तिचा मला हेवा वाटायचा तो तिच्या डोळ्याचा नव्हता. तुम्ही तिच्या मागे उभे राहून, तिच्या खांद्यावरून बघायचात, त्याचा होता. कामाचा माणूस वर आणि घरचं माणूस समोर, हा तुमचा हिशोब मी इतकी वर्षं चघळतोय.

परवा न राहवून तिला विचारलंच, “मास्तर घरी माझ्याबद्दल काय बोलायचे?”

ती हसली. “म्हणायचे, हा वर असला की मी तुला खाली बिनधास्त उभी करतो. ह्याने लावलेलं काही कुणाच्या डोक्यात पडणार नाही.”

मीपण हसलो. घरी येताना रिक्षात तेच वाक्य उलटसुलट करून बघितलं. एवढा भरवसा तुम्ही दुसऱ्या कुणावर टाकला नसेल, हे कळतं. आणि तरी त्या वाक्यातसुद्धा रस्त्यापलीकडे तीच उभी आहे.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तिला व्हॉट्सअॅप करता येईल, पण करणार नाही. वाचून ती माझ्या ऑफिसवर येईल, समोर उभी राहील आणि बघेल. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला माझ्याच बोर्डाच्या खुणेने लोकांना पत्ता सांगतो तो मला आत टेबलापर्यंत ऐकू येतो: “तो वाकडा बोर्ड दिसतो ना, त्याच्या बाजूला.”