हाडाची गाळणी आणि माझे गुडघे

कंपाला

ती. फेबी आत्या यांस,

कागदावर गुडघे टेकता येत नाहीत, तरी टेकलेच आहेत असं समजून नमस्कार घ्यावा. कंबर कशी आहे? केळीचे घड स्वतः उचलत नाही ना? मी बरी आहे, म्हणजे काल दुपारपर्यंत होते.

काल आपल्या कुळातले वडीलधारे एरिसाबाबा आमच्या दवाखान्यात दोन कृत्रिम दात बसवायला आले. (भाजलेलं कणीस पुन्हा खायचंय, एवढाच हट्ट.) जबडा झिजलेला, त्यात हाडाची भर घालावी लागते. ती बाटलीत तयार मिळते, पण गायीच्या हाडाची, आणि आपण पडलो गायीच्या कुळातले, गाय तोंडी न लावणारे! "माझ्या तोंडात माझंच कुलचिन्ह कोंबतोस?" असं त्यांनी डॉक्टर ओपिओंना झापलं. तेव्हा ठरलं, की दातांच्या खुंट्यांसाठी जबड्यात भोकं पाडताना निघणारा बाबांच्याच हाडाचा चुरा धरायचा आणि तोच भरायचा. त्यासाठी एक नळी असते, तिच्या पोटात चहाच्या गाळणीसारखी बारीक जाळी. ती धरायचं काम माझं. (लाळ ओढायची नळी वेगळी. अदलाबदल होऊ नये म्हणून मी रात्रभर घोकलं होतं.) पहिलं भोक झालं, जाळीत चिमूटभर चुरा जमला, डॉक्टर हत्यार बदलायला वळले, आणि बाबांनी बधिर जिभेने विचारलं, "कोणाची गं तू?"

आत्या, या प्रश्नाला उभ्याने उत्तर द्यायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी नळीसकट गुडघ्यांवर! "मी कासिरयेंची मुलगी, ते..." म्हणेपर्यंत नळीला हिसका बसला, जाळी निसटली आणि चुरा फरशीवर.

"ऊठ बाई, हातमोजे बदल," डॉक्टर म्हणाले. "एकच भोक उरलंय. त्यात पुरेसं नाही मिळालं, तर नुसती हिरडी शिवून यांना घरी पाठवायचं."

नवी जाळी लावली. तेवढ्यात बाबा पुन्हा, "हं, कासिरयेचा बाप कोण? आणि त्याचा बाप?" मी उभीच, ओठ घट्ट मिटून. ते डोळे वटारून बघत राहिले आणि मी कणन् कण धरत राहिले. डॉक्टरांनी जाळी उघडली, चुरा वाटीत काढला. मग म्हणाले, "पुरेल. जेमतेम."

जाताना बाबा गालावर बर्फ दाबून म्हणाले, "काम झक्क केलंस डॉक्टर, पण पोरगी उद्धट. कासिरयेची ना? म्हणजे फेबीची भाची. फेबीने शिकवलं काय हिला?"

तुमचीच (आणि मुळीच उद्धट नसलेली),
पर्पेचुआ

ता.क. टाके काढायला ते पुढच्या आठवड्यात येतील आणि राहिलेलं उत्तर मागतील. आजोबांचं नाव पाठ आहे. पणजोबांचं काही केल्या आठवत नाही. दुसऱ्या खेपेला मी गप्प राहिले ते केवळ हाडासाठी नव्हतं. कृपा करून लगेच फोन करावा.

ता.क. २. फोन गुडघे टेकूनच घेईन. दुसऱ्या हातात काहीही नसेल.