तुझी टोपी घालून

प्रिय शेंडेफळ,

फोन तू उचलत नाहीस, आणि मीही आता लावायचा नाही असं ठरवलंय. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिले. पलीकडचा माणूस मुद्दाम उचलत नाहीये हे मला तिसऱ्या घंटीलाच कळतं. म्हणून हे पत्र. आधी शेवटचं पान उघडून बघायची तुझी खोड आहे, ती आज जरा आवर. पहिलं कामाचं सांगते. येत्या रविवारी सकाळी सात वाजता सामाईक मळ्यात उन्हाळ्याची पाहणी आहे. ज्याच्या नावावर वाफा, त्यानं स्वतः वाफ्यापाशी उभं राहून सही करायची. नाही केली तर वाफा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार, आणि तुझ्या सतरा नंबरवर कोपऱ्यावरचा बेकरीवाला दोन वर्षं डोळा ठेवून आहे. मला येताजाता पाव जरा जास्तच मऊ देतो हल्ली.

सहा आठवडे कुणी फिरकलं नाही तर वाफा काढून घेतात, हे तुला माहीत होतं. तरी तू दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत बदली मागून घेतलीस आणि तशीच निघून गेलीस, माझ्यावरचा राग त्या बिचाऱ्या टोमॅटोच्या रोपांवर काढून. मळ्याचं ताकीदपत्र आपल्या घराच्या पत्त्यावर आलं तेव्हा पाचवा आठवडा सरत आला होता. मी गेले. अवजारांच्या खोलीत तुझी ती रुंद काठाची, मागून उंदरानं कुरतडलेली टोपी खुंटीला तशीच होती. ऊन मी म्हणत होतं, म्हणून घातली. मग फाटकापाशी हजेरीची वही दिसली आणि हातानं आपोआप तुझी सही केली. ती मला तुझ्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकापासून येते, आठवतंय ना, बाबांची करताकरता तुझीही शिकले होते. त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला मी तू असायचे.

खरं सांगू, जीव थाऱ्यावर नाही. मळ्यात असले की घरामागच्या काकड्या आठवतात, घरी आले की मळ्यातला भोपळा. घरच्या काकड्यांना एक दिवस पाणी चुकलं तर लगेच कडू झाल्या, जणू माझ्यावर गेल्या. तुझ्या वाफ्यातल्या लेट्यूसला तुरे आलेत, ती आता खायच्या कामाची नाही, पण उपटवतही नाही. पालकावर मावा पडला होता, साबणाच्या पाण्यानं पानन् पान पुसलं. भोपळ्याचा वेल तर रोज हातभर सरकतो. परवा वाटेवर येऊन एकीच्या सायकलच्या चाकात अडकला. टोमॅटोच्या बेचक्यातली फूट काढायला बसले ती काढतच राहिले, शेवटी दोन झाडांचे नुसते खांब उरले. गाजरं किती झालीत म्हणून रोज एक उपटून बघते. तू हसशील. हस. आज बघितलं ते करंगळीएवढं होतं, काल बघितलं तेही करंगळीएवढंच होतं. आता अकराच उरलीत.

पाण्याची नवी व्यवस्था तुला माहीत नसेल. नळ एक आणि वाफे चाळीस, त्यामुळे रोज भांडणं व्हायची. आता शाळेतून निवृत्त झालेल्या एक खेळाच्या बाई समितीवर आल्यात. त्या गळ्यात शिट्टी घालूनच येतात आणि दर दहा मिनिटांनी वाजवतात. वाजली की नळी पुढच्याच्या हातात द्यायची, झाड अर्धं भिजलेलं असलं तरी. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही, म्हणून माझं निभावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, सतरा नंबर तुम्हीच का, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागत नाही. याचं पुढे सांगणार आहे.

शेजारच्या अठरा नंबरात तुझे घड्याळकाका. भिंग लावून साठ वर्षं लोकांची घड्याळं उघडली, आता त्यांना माणसं नुसती आकारानं दिसतात. त्यांना दिसली तुझी टोपी, आणि ऐकू आला तुझा आवाज. आपल्या दोघींचा आवाज एक आहे, त्याला मी काय करू. लहानपणी तुझ्या मैत्रिणींचे फोन मी घ्यायचे आणि तुझी सगळी गुपितं काढून घ्यायचे, तेव्हा तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. तसंच झालं पुन्हा. काका कुंपणापलीकडून म्हणाले, गावाहून आलात का, बरं झालं, आणि मग विचारलं, ताईंना विचारलंत का? काय विचारायचं होतं ते मला कुठे माहीत. मी म्हणाले, अजून नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरी येऊन मी झाडू घेतला की झाडतच राहायचे, काकड्यांना पाणी घातलेलं विसरून पुन्हा घालायचे. माझ्याविषयी दुसऱ्या माणसाशी बोलायची तुला गरज पडली, हेच घशाखाली उतरत नव्हतं.

मला वाटलं घेवड्याचंच असणार. आईच्या डब्यातला ठिपक्यांचा घेवडा, तिनं दरवर्षी मूठभर राखून वीस वर्षं जपलेला. तू पेरणीला डबा मागायला आलीस आणि मी सांगितलं की चुकून शिजवला. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस आणि चपला घालून निघून गेलीस. महिन्याभरात बदली घेतलीस. म्हणून चौथ्या दिवशी मी काकांना तुझ्या आवाजात म्हणाले, जाऊ द्या, बियांचं काय एवढं. तर ते हातातलं खुरपं खाली ठेवून म्हणाले,

“बियांचा राग नव्हताच तुमचा, तुम्हीच म्हणाला होतात. आई गेल्या त्या दिवशी ताईंनी फोन का केला नाही, एवढंच विचारायचं होतं ना? विचारून टाका. मनात ठेवून तुमची झोप जातेय, त्यांची काय जातेय?”

मग त्यांनी मला कुंपणावरचा वेल दाखवला. दोन वर्षांपूर्वी तू त्यांना आईच्या डब्यातल्या सात बिया दिल्या होत्यास. जांभळट फुलं, त्यांच्याखाली बोटभर शेंगा, उन्हाकडे धरल्या की आत ठिपके दिसतात. म्हणजे घेवडा बुडालेला नाही हे तुला त्या दिवशीही माहीत होतं, आणि तू ते माझ्यापाशी बोलली नाहीस. मला भयंकर राग आला. नंतर रडू आलं. मी टोपी काढली आणि काकांना सांगितलं की मी ती नव्हे, तिची थोरली बहीण. त्यांनी खाली ठेवलेलं खुरपं उचलून त्याची माती पुसली. मग म्हणाले, रॉंग नंबर लागला म्हणायचा, पण निरोप पोचला. त्याच दिवशी शिट्टीबाईंनाही जाऊन खरं सांगितलं. त्यांनी शिट्टी वाजवली नाही एवढंच, बाकी जे काय बोलायचं ते सगळं बोलल्या. रविवारपर्यंतची मुदत मात्र दिली.

आता त्या दिवसाचं. सगळं अचानक झालं असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही सांगितलं. अचानक काही झालं नव्हतं. डॉक्टर सकाळी दहाला येऊन गेले आणि म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा. तुझी प्रयोगशाळा तेव्हा बसनं वीस मिनिटांवर. मी फोनपाशी गेले, तुझ्या नंबरचे चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला. अकरा वर्षं तिला उठवलं, न्हाऊ घातलं, भरवलं मी. आणि तू रविवारी पिशवीभर टोमॅटो घेऊन आलीस की तिचा चेहरा उजळायचा तो तुझ्यासाठी. तो एक दिवस मला माझा एकटीचा हवा होता. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. दुपारी एकच्या सुमाराला तिनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, धाकटी आली का गं? आणि मी म्हणाले, आले, आई. तुझ्या आवाजात. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “डब्यातल्या बिया तू घे. ताईला धीर नाही, ती शिजवून टाकेल. आणि तिला एकटी पडू देऊ नकोस. ती मागणार नाही कधी.” त्यानंतर ती काही बोलली नाही. पावणेतीनला गेली. मी तुला तीन वाजता फोन केला.

हे बोलणं तुझं होतं, ते मी नऊ महिने दाबून ठेवलं. आणि बिया मी चुकून शिजवल्या नाहीत. डब्यावर आईच्या अक्षरात ‘बी’ असं लिहिलेलं होतं, मी ते वाचलं होतं. तू येणार म्हणालीस त्याच्या आदल्या दिवशी भिजत घातल्या, मीठ घालून उकडल्या आणि ओट्यापाशी उभ्यानं खाल्ल्या. बिया तुझ्या हाती दिल्या असत्या तर त्या तुझ्या का हे सांगावं लागलं असतं, आणि मग तिचं पुढचं बोलणंही. मला एकटी पडू देऊ नकोस, हे मी तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते? तू येत राहिली असतीस, पण आईनं सांगितलं म्हणून. ते मला नको होतं. काकांनी वेलावरच्या सहा शेंगा बियांसाठी राखल्यात, मी त्यांना तुझ्या लाल लोकरीचे धागे बांधलेत. अजून हिरव्या आहेत. रोज बघते, हात शिवशिवतात, पण एकही तोडलेली नाही. तू आलीस किंवा नाही आलीस, त्या वाळेपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही. रविवारी तुझी टोपी सतरा नंबरच्या काठीवर अडकवून ठेवीन आणि मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसेन. सही करून तू तशीच निघून गेलीस तरी मी आडवी येणार नाही. पण ती मागणार नाही असं आई म्हणाली होती ना, म्हणून हे पत्र लिहिलं. मी मागते आहे. ये.

तुझीच, बाकावर बसून राहणारी,
ताई