पिपरटोल्याची पस्तीस मिनिटं

रांझी, जबलपूर
६ ऑगस्ट २०२५

प्रिय वसुधामावशी,

नमस्कार. इथूनच तुझ्या पाया पडते. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा बरे आहेत. गुडघे दुखतात, तरी रोज फॅक्टरीच्या गेटपर्यंत चालत जातात. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण तिथल्या चहाशिवाय त्यांना करमत नाही. घरासमोरचा रस्ता पुन्हा खोदून ठेवलाय.

माझं काम चालू आहे. विद्यापीठातल्या आमच्या लोकनीती केंद्राचं नाव गेल्या महिन्यात पेपरात आलं. सरकारला धोरण ठरवायला आम्ही अभ्यास करून देतो, हे तुला माहीतच आहे. प्रसूतीच्या सोयी कुठे ठेवायच्या आणि कुठे एकत्र करायच्या, यावरचा आमचा अहवाल भोपाळला जसाच्या तसा मंजूर झाला. शशिकांत सरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, कमानिया गेटजवळून पेढे मागवले. मी खाल्ला नाही. पोट बरं नव्हतं.

मावशी, तू एवढी वर्षं नर्स होतीस म्हणून एक विचारते. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यावर हाती साधारण किती वेळ असतो? आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी? धोका आहे हे आधी कशावरून कळतं? सहज विचारून राहिले, पण लवकर लिही. स्पीड पोस्टनं पाठव.

बाबांना यातलं काही कळवू नकोस.

तुझी
प्रणोती


रांझी
१८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. नाही गं बाई, मला काही झालेलं नाही. "खरं सांग, कोण आहे तो?" असं तू तीनदा लिहिलंस, वर खाली रेघ मारलीस. दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसले असते. तसं काही असतं तर इतकी घाबरले नसते.

तू विचारलंस म्हणून सांगते. सांगायला कुणी नाही म्हणूनही सांगते.

बरगी धरणाच्या पाण्यापलीकडे पिपरटोला नावाचं गाव आहे. तिथे एक छोटं उपकेंद्र आणि एक नर्स, शर्मिलादीदी. ती तिथेच राहायची, बाळंतपणं करायची. महिन्याला सरासरी एक-दोन. आमच्या अहवालाचा नियम असा: जिथे महिन्याला तीनपेक्षा कमी बाळंतपणं होतात आणि मोठं केंद्र तासाभराच्या आत आहे, तिथली नर्स मोठ्या केंद्रात हलवावी. कागदावर नियम चांगला आहे, मावशी. मोठ्या केंद्रात डॉक्टर असतो, रक्त असतं, दिवे असतात. मी आजही त्याच्या बाजूनं बोलेन.

पिपरटोला ते मोठं केंद्र, पस्तीस मिनिटं. हा आकडा माझा आहे.

डिसेंबरात मी पाहणीला गेले होते. जमिनीवरून जायचं तर पाण्याला वळसा घालून सत्तर किलोमीटर, तेही अर्ध्या कच्च्या रस्त्यानं. म्हणून सगळे नावेनंच जातात. मी काठावर उभी राहिले. नाव लागलेली होती. मला चढवेना. लहानपणी ग्वारीघाटावर पाय घसरला तेव्हा बाबांनी मला केसांना धरून ओढून काढलं होतं, तुला आठवत असेल. तेव्हापासून मी पाण्याजवळ जात नाही. ऑफिसात हे कुणाला माहीत नाही. काठावरच्या चहावाल्याला विचारलं, "भैया, उस पार से यहाँ आने में कितना टाइम?" तो म्हणाला, "आधा घंटा, और क्या." काठापासून केंद्राची पाच मिनिटं मी धरली. पस्तीस लिहिलं. फॉर्मवर चौकट होती, 'गावाला प्रत्यक्ष भेट दिली'. त्यात बरोबरची खूण केली आणि सही केली. मग चहा प्यायले.

जुलैत आदेश निघाला. एक ऑगस्टला शर्मिलादीदीची बदली झाली. जायच्या आधी ती आमच्या ऑफिसात आली होती. भांडली नाही. माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. "मॅडम, ये आप रख लीजिए. अब मेरे पास रखने का क्या फायदा?" कागदावर गावातल्या चार बायकांची नावं आणि पुढे तारखा. सुखवती, वीस ऑगस्ट. रामकली, दोन सप्टेंबर, पहिलटकरीण. सुनिया, चौदा. भगवती, बावीस.

तेव्हापासून मला कॅलेंडरकडे बघवत नाही. जेवताना घास फिरतो. बस ब्रेक मारते तेव्हा वाटतं, झालं काहीतरी. ऑफिसात फोन वाजला की उठून बाहेर जाते. सुखवतीची तारीख परवा आहे, मावशी. काय करू?

प्रणोती


रांझी
३ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझ्या पत्रात एकच ओळ होती: "इथे काहून विचारत बसलीस, तिथे जा." वाचून राग आला. मग रविवारी, चोवीस तारखेला, गेले.

जायचं कारण मी स्वतःला असं सांगितलं होतं, की खरा वेळ मोजायचा आणि सरांपुढे ठेवायचा. नावाडी बळीराम बर्मन. मी कडेला बसून दोन्ही हातांनी फळी धरली. तो म्हणाला, "काए मैडम, डर लग रओ?" मी म्हटलं, "हाँ." तो हसला नाही. म्हणाला, "तो नीचे मत देखो, मोय देखो." मोटर अर्ध्या पाण्यात बंद पडली. पुढे त्यानं वल्ह्यानं नेलं. मी घड्याळ बघत होते आणि देवाचं नाव घेत होते, दोन्ही एकदम. एक तास चाळीस मिनिटं.

सुखवती आधीच बाळंत झाली होती. सासूनं घरी केलं. मुलगी, बरी आहे. मी तिथेच अंगणात बसले.

मग रामकलीच्या घरी गेले. वीस वर्षांची पोर. तारखेला नऊ दिवस होते. भिंतीला टेकून बसली होती, तोंड सुजलेलं, पाय असे की बोट दाबलं तर खड्डा राहत होता. म्हणाली, "सिर फटा जा रहा है दीदी, धुँधला दिखता है." मावशी, तुझ्या आधीच्या पत्रात हेच लिहिलं होतंस. सूज, डोकं, अंधारी, आणि शेवटी 'मग एक मिनिटही थांबायचं नाही'. घरातले म्हणत होते, गर्मी आहे, संध्याकाळपर्यंत बघू. मी ओरडले. मी कुणावर ओरडत नाही, पण ओरडले. "अभी चलो!" त्यांना वाटलं, सरकारी मॅडम आहे, हिला माहीत असेल.

नावेत रामकली, तिची सासू फुलियाबाई, मी आणि बळीराम. मोटर चालू झाली, पुन्हा बंद पडली. वारा समोरून. लाटा आत येत होत्या, फुलियाबाई पातेल्यानं पाणी उपसत होती. रामकलीचं डोकं माझ्या मांडीवर. तिचे डोळे वर गेले की मी तिच्या गालावर थापटायचे, "रामकली, बोल, कुछ भी बोल." ती म्हणाली, "पानी बहुत है का?" मी म्हटलं, "नहीं, थोड़ा है." काठ दिसतच नव्हता. तेवढी घाबरलेली मी आयुष्यात कधीच नव्हते, आणि मला कळत होतं की हे सगळं माझ्या सहीनं चाललंय. फोनला रेंज आली तेव्हा शर्मिलादीदीला लावला. ती गाडी घेऊन काठावर उभी होती. नाव लागायच्या आधीच गुडघाभर पाण्यात उतरून तिनं रामकलीला इंजेक्शन दिलं.

गावापासून काठापर्यंत दोन तास दहा मिनिटं लागली. पुढे जबलपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगा झाला, दोन किलो. रामकली तीन दिवस शुद्धीत नव्हती, मग आली. दोघं वाचले.

इथे पत्र संपायला हवं होतं ना?

सोमवारी सकाळी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, फॉर्मवरची खूणसुद्धा. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "प्रणोती, एका दिवसाचा वारा म्हणजे अभ्यास नसतो."

"सर, पस्तीस मिनिटं हासुद्धा अभ्यास नव्हता."

"पण बाई वाचली ना? वेळेत पोचली. म्हणजे व्यवस्था चालली. उलट हे आपण उदाहरण म्हणून देऊ शकतो."

मावशी, त्या क्षणी मला नावेतल्यापेक्षा जास्त भीती वाटली. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या आईच्या आजारपणात रक्त द्यायला तेच पहिले आले होते. ते खरंच तसं मानत होते. आणि आणखी एक दिवस तिथे बसले असते तर मीही मानलं असतं.

रामकलीला शुद्ध आल्याचं कळलं त्या दिवशी दवाखान्यात गेले. व्हरांड्यात फुलियाबाई माझ्या पाया पडायला वाकली. म्हणाली, देवीनं पाठवलं तुला. मी तिचे हात धरले आणि सांगितलं. हिंदीत शब्द सापडेनात. "अम्मा, दीदी को मैंने हटवाया. मैं गाँव आई नहीं थी, झूठ लिख दिया था कि आई थी." ती मारेल असं वाटलं. मारायला हवं होतं तिनं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तो दीदी वापस कब आहैं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"तो पता करो. और गाँव में आ के बताओ, सबके सामने."

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं. माझा आकडा खोटा आहे, भेट दिलीच नव्हती, पिपरटोल्याचा निर्णय थांबवावा. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. एक प्रत सरांना, एक भोपाळला. माझ्याकडच्या बाकीच्या दहा गावांना मी खरोखर गेले होते, तेही लिहिलं. पण आता त्यावर कोण विश्वास ठेवणार? माझा करार डिसेंबरात संपतो, तो वाढणार नाही असं ऑफिसातले बोलून राहिले. सर माझ्याशी बोलत नाहीत. बाबांना काल सांगितलं. ते म्हणाले, "आधी जेव." घरात गणपती आहेत, आरतीला ते माझ्या शेजारी उभे राहिले, बस.

भोपाळहून उत्तर नाही. आदेश अजून तसाच आहे. शर्मिलादीदी सुट्टी मागते आहे, मिळत नाही.

उद्या सकाळी सातच्या बसनं निघते. गावात जमून सगळ्यांना सांगायचं आहे, काय केलं ते, आणि नर्स कधी येईल हे मला माहीत नाही तेही. बळीरामला निरोप दिलाय. पाण्याचं एवढं वाटत नाही. पण अंगणात जमतील त्या बायका सारख्या डोळ्यांपुढे येतात. मला धीराची म्हणू नकोस, मावशी. पत्रातही नको, मनातही नको.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावशील तो माझ्यासाठी लावू नकोस. सुनियासाठी लाव, भगवतीसाठी लाव. अजून अकरा दिवस आहेत, आणि एकोणीस.

तुझी
प्रणोती