लो साहेबांच्या मशीनवरची हिरवी पुडी

आईला धाकट्या पेइचुनचा तैपेईहून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

ऑफिसचा मात्र वीट आलाय. ब्लॉकचेनवर लोकांचे पैसे सांभाळणारं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एक प्रोग्रामच, एकदा चढवलं की बदलता येत नाही, म्हणून आधी आपल्याच मशीनवर खोटी चेन उभारून ते तपासायचं असतं. ती उभारण्यात तीन दिवस गेले. एक सॉफ्टवेअर बसवलं की दुसरं रुसायचं. मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून इथेही सगळे त्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवतात, तुला ठाऊकच आहे. लो साहेब म्हणाले, "अगं, मशीनवरच्या खाऊच्या पुडीची तारीख उलटलीय! ते शहाण्यासारखं वागेल कसं?" मग तू पाठवलेली हिरवी पुडी त्यांनी दोन्ही हातांनी मशीनवर ठेवली.

चेन चालली. पहिल्याच तपासणीत कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ सापडली. तिच्यामुळे लोकांनी ठेवलेले सगळे पैसे साहेबांना कधीही काढून घेता येतील.

मी दाखवली, तर म्हणाले, "राहू दे गं, वाचतंय कोण!"

शी! मशीनला भितो आणि माणसांना लुबाडतो. किळस आली मला.

मामाला म्हणावं, यात दमडीही घालू नकोस.

पुडी मी उचलून आणलीय. शनिवारी सगळ्या सामानासकट घरी येते. ती आपल्या जुन्या फ्रिजवर ठेवू. तो बिचारा इमानाने चालतो.

तुझीच,
पेइचुन