मी आणि माझा लघुग्रह

१० जानेवारी १९८८, सकाळ
पुतण्या सेतूचं अमेरिकेहून पत्र. मंगळ आणि गुरूच्या मधे त्याला एक लघुग्रह सापडलाय, त्याला माझं नाव देणार! लहानपणी गच्चीवर तारे मीच दाखवले ना. निम्म्यांची नावं मनाची सांगितली होती, पण असो. निश्चय: गर्व नको. कुणाला सांगायचं नाही.

दुपार
गावाच्या पार टोकाला, मेलकावेरीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

११ जानेवारी
शेजारच्या कृष्णमूर्तींना ग्रहाची जागा दाखवायला गच्चीवर नेलं. भर उन्हात. उतरताना जिन्यावरून पडलो. पाय प्लास्टरमध्ये.

१८ जानेवारी
घरात कोंडलोय. खिडकीतून समोरची भिंत, मागून तुळसीची बोलणी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बाईनं माझं नाव एकदा उच्चारलं नाही! नवऱ्याचं घ्यायचं नाही म्हणे. तेच नाव म्हणून तिरुपतीच्या देवालाही नुसतं ‘डोंगरावरचे’ म्हणते. आता लोक ग्रहाचं नाव विचारतील. बघू कशी निसटते. मला ते एकदा तिच्या तोंडून ऐकायचंच आहे.

२५ जानेवारी
कृष्णमूर्तींच्या बायकोनं विचारलं. तुळसी म्हणाली, यांचंच. निसटली.

३ फेब्रुवारी
शेजारी सेतूचा फोन. माझा पाय असा, म्हणून तुळसी गेली. त्याला माझं खरं नाव हवं होतं. घरात मी अंबीच. व्यंकोबा हे माझ्या आजोबांचं नाव मला ठेवलेलं, ते घरातल्या सुनांनी कसं घ्यायचं? आज मात्र बोलावंच लागलं असणार! सांगितलंस का विचारलं. सांगितलं म्हणाली. जिंकलो!

२० फेब्रुवारी
सेतूचं पत्र. तुळसीनं सांगितलं होतं, तुझ्या पणजोबांचं नाव आहे ना, तेच घाल. त्यानं घातलं. ग्रहाचं नाव व्यंकोबा, पणजोबांच्या स्मरणार्थ. लिहितो, अंबीकाका, स्वतःचा मान त्यांना दिलात, डोळे भरून आले. छापायलाही गेलं.

लगेच खुलासा लिहायला बसलो. पण पत्र कृष्णमूर्तींनी आधीच नेऊन गल्लीभर वाचून दाखवलेलं. काय हा मोठेपणा, म्हणत चौघं पाया पडून गेले. प्लास्टरच्याच. आता कुठल्या तोंडानं सांगू? खुलासा फाडला. अगदी रडू आलं.

तुळसी म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, नाव शेवटी तुमचंच आहे.
म्हटलं, कुठलं? एकदा म्हण तरी.
पेला पुढे करत म्हणाली, कापी गार होतेय.