मंदाक्रांतेला पाणी चढलं

सोमवार, ७ एप्रिल २०२५
आजपासून ट्रेनिंग. भूजलाचं कॉम्प्युटर मॉडेलिंग, पाच दिवस, हँड्स-ऑन. वैशालीहून मेट्रो, यमुना बँकला बदलून नोएडा. वय एकाहत्तर, वर्गात बाकीचे तिशीतले. पुढच्या बाकावर बसायचं आणि जुन्या आठवणी सांगायच्या नाहीत, असं ठरवलं.

हेतू उदात्त आहे. आमच्या सोसायटीचा पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा गाळाने बुजलाय. तो साफ करा म्हणून आमची ही, सुनीती, दोन वर्षं दारोदार सह्या गोळा करते आहे. सेक्रेटरी त्यागीजींना तिथे टाइल्स टाकून पार्किंग हवंय. येत्या रविवारी जनरल बॉडीत फैसला. सुनीतीला म्हटलं, सह्या तुझ्या, सायन्स माझं. ती म्हणाली, आधी चष्मा घ्या, फ्रिजवर राहिलाय.

आठवणींचा संकल्प साडेदहापर्यंत टिकला. शिकवणारी तनया मराठी निघाली! पाचवीपर्यंत पहाडगंजच्या मराठी शाळेत. मला भरून आलं. तिला गावची विहीर सांगितली. पहाटेचा रहाट, पाणी भरणाऱ्या बायका, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. तिने विचारलं, काका, चुंबळ म्हणजे क्या? काळजात चर्र झालं. घागर डोक्यावर टेकायला कापडाचं वेटोळं करतात ते, असं रुमाल वळून दाखवलं. वीस मिनिटं गेली. मागून कुणीतरी चलो यार म्हणालं. दिल्लीला काव्य सोसत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल
जमिनीचे चौकोन पाडले. चौथीच्या गणिताची वही आठवली. विहिरींना डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ अशी कैद्यांसारखी नावं. मी बदलली. शाळेत शिकलेली वृत्तं दिली. सोसायटीची बोअरवेल मंदाक्रांता. मागच्या कारखान्याची शार्दूलविक्रीडित, पण तेवढी अक्षरं सॉफ्टवेअर घेईना. 'शार्दू' ठेवलं.

शेजारच्या धीरजने स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, अंकल, ये बोरवेल है या बहू? मुलगा हुशार आहे, पण रसिक नाही.

बुधवार, ९ एप्रिल, दुपारी ४.१०
तनयाने प्रत्येकाला आपापल्या भागाची फाइल करून दिली. माझ्या फाइलीत एक ढोबळ चूक सापडली. प्रत्येक बोअरवेलच्या उपशाआधी वजाचं चिन्ह! भूजल खात्यात नोकरीला होतो, तिथल्या रजिस्टरात एकतीस वर्षं उपसा लिहिला, एकदाही वजा नव्हता. पंपातून पाणी येतं, मग वजा कसं? काल ती अधिक-वजाबद्दल बरंच काही सांगत होती खरं. तेव्हा मी खिडकीबाहेरचा बहावा पाहत होतो.

तिला सगळ्यांसमोर कमीपणा नको म्हणून चिन्हं गुपचूप खोडली. छत्तीस. मग मॉडेल चालवलं.

४.४० - पाणी वर येतंय. वर्षागणिक वर. २०३५ साली मंदाक्रांतेचं पाणी जमिनीखाली हातभर! ओंजळ बुडवून प्यावं असं. स्क्रीन निळीशार. डोळे पाणावले. (एसीचा झोत थेट तोंडावर असतो.)

गुरुवार, १० एप्रिल
आज कॅलिब्रेशन. म्हणजे मोजलेल्या पातळ्या मॉडेलशी ताडून पाहायच्या. माझ्या भागातल्या चार विहिरींत पाणी दरवर्षी खाली चाललंय. मॉडेलमध्ये वर. तनया म्हणाली, काका, इनपुट एकदा परत चेक करू या ना. मी म्हटलं बिल्कुल. तेवढ्यात तिला कुणी हाक मारली.

तिचा वेळ कशाला घ्यायचा? चारही विहिरी काढून टाकल्या. आता कशाशीच तफावत नाही. हे कौशल्य खात्यातलं. साहेबांना न रुचणारी पातळी मी एकतीस वर्षांत कधी वर पाठवली नाही. मोजणाऱ्याची टेप खराब, असा शेरा मारला की काम भागायचं.

शुक्रवार, ११ एप्रिल
प्रमाणपत्र मिळालं. सगळ्यांनाच मिळालं, पण माझा कागद जाड वाटला. आभाराच्या भाषणात स्वतःच्या दोन ओळी म्हटल्या:

भूमीच्या उदरी निजले जल,
हाक मारिता उठेल चंचल.

टाळ्या पडल्या. अर्थात तेव्हाच समोसे आले.

शनिवार, १२ एप्रिल
सुनीतीला सांगितलं, पाणी आपोआप वर येतंय, खड्ड्याची गरज नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मोटरवाल्याने वर्षात दोनदा पाइप खाली सोडला तो काय हौसेने? मी म्हटलं तो अनुभव, हे सायन्स. त्यावर ती म्हणाली, अहो, माझ्या बाजूने बोलू नका हवं तर. उद्या फक्त गप्प बसा. एवढं एक करा माझ्यासाठी.

विचार करतो.

रविवार, १३ एप्रिल
विचार केला. बोललो. निळी स्क्रीन प्रोजेक्टरवर दाखवली. पार्किंगच्या बाजूने एकसष्ट हात, खड्ड्याच्या बाजूने नऊ. नवांतला एक सुनीतीचा. सह्यांची फाइल तिने मांडीवरच ठेवली होती, कुणी मागितली नाही.

जे त्यागीजी लिफ्टमध्ये नमस्तेसुद्धा करत नाहीत, त्यांनी मिठी मारली. म्हणाले, वाह साइंटिस्ट साहब, हमें तो पता ही नहीं था हमारे बीच कौन रहता है. शाल घातली. एप्रिलात शाल, पण सन्मान तो सन्मान.

रात्री खिचडी. पापड नाही, लोणचं नाही, संवाद नाही. विज्ञानाची किंमत मोजावी लागते.

मंगळवार, २० मे
टाइल्स झाल्या. बारा गाड्या अगदी ओळीत. मॉडेल तनयाला पाठवलं होतं, पुढच्या बॅचला नमुना म्हणून दाखव असं लिहून. तिची मेल आलीय. अभिनंदनच असणार, सवडीने वाचू.

अंघोळीच्या मधेच नळातून नुसतीच हवा. साबणासकट पंधरा मिनिटं उभा. मोटरवाल्याने दुर्लक्ष केलेलं दिसतं.

शनिवार, १४ जून
मंदाक्रांता कोरडी. मोटरवाला म्हणतो, और नीचे कुछ नहीं है, साहब.

तनयाची मेल उघडली. फार गोड मुलगी. लिहिते, काका, उपसा म्हणजे जमिनीतून गेलेलं पाणी, म्हणून वजा. तुमच्या छत्तीस बोअरवेल दहा वर्षं जमिनीत पाणी ओतताहेत. प्लीज हे कुणाला दाखवू नका.

वजा परत घातले. काढलेल्या चार विहिरी परत घातल्या. सगळं जुळलं! मंदाक्रांता कोरडी पडण्याची वेळ: जून २०२५, दुसरा आठवडा. इतकं अचूक मॉडेल वर्गात कुणाचंच नसेल. फक्त जनरल बॉडी आधी झाली.

संध्याकाळी सुनीतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं, फक्त कॉम्प्युटर नव्हता. मग टाइल्सकडे पाहत म्हणाली, आता पाऊस आला तरी सगळा गटारात.

रविवार, १५ जून, सकाळी ७
टँकर गेटबाहेर. आत वळायला जागा नाही, टाइल्सवर बारा गाड्या. त्यागीजी भटिंड्याला लग्नाला गेलेत, गाडी इथेच. लिफ्टमध्ये पाणी न्यायला त्यांच्याच सहीची बंदी, सांडतं म्हणून. आमचा मजला चौथा.

एका हातात बादली, दुसरा कठड्याला. दुसरी बादली कशी न्यावी या विचारात होतो. सुनीती कपाटातून शाल घेऊन आली. मला वाटलं, चार लोकांत जाताना पांघरायला. तिने ती पीळ देऊन गोल वळली, माझ्या डोक्यावर ठेवली, वर भरलेली कळशी चढवली आणि म्हणाली, हं, चला साइंटिस्ट साहेब, मान ताठ.

दुसऱ्या मजल्यावर ओझं उतरवून हे लिहितो आहे. तनयाला चुंबळीचा फोटो पाठवायला हवा. पण ती डोक्यावर असली की एक हात कळशीला, दुसरा बादलीला.