एका कार्डावर दोघं

प्रिय श्रीशैल,

जिता हायेस म्हणून 'प्रिय' लिहिलं. बाकी सगळा राग हाय. तुझा फोन बंद, म्हणून निकिताकडून पत्ता काढला. भावाची पाठराखण करीत बसली होती, चार शिव्या खाल्ल्या तवा सांगितला. माझी शाळा चौथीपातूर, तरी मीच लिहायले. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर त्यानं शिव्या गाळल्या असत्या. तुझ्यावाचून एका बाईचं अडलंय.

त्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. पुढं ठेकेदाराचा माणूस. म्हणला, गोदामात मांडणी कोसळली, तुमचा श्रीशैल खाली सापडला. तुझी आई तिथंच पडली. तुझ्या बापानं रानात आजोबाच्या शेजारी खड्डा खणायला माणसं लावली. जंगमस्वामी आले. गाडीवाला म्हणला, मुडद्याचं तोंड उघडू नका, पाहवायचं न्हाई. तुझा बाप बी म्हणला, आई, झाकलेलंच राहू दे. मी म्हणले, का रं शिवप्रकाश, लिंगायताचं लेकरू तळहातावर लिंग न ठेवता मातीत बसवतोस का? आण कात्री.

कापड कापून आधी गळा चाचपला. लिंग न्हाई. वाटलं, कारट्यानं शहरात जाऊन ते बी काढून फेकलं. मुडद्याला शिवी दिली मी. मग तोंड पाहिलं. तू नव्हतास. मला आनंद झाला, श्रीशैल. कुणाचं तरी तरणंताठं लेकरू समोर पडलेलं, आन मला आनंद झाला. मी उघडलं नसतं तर ते पोरगं तुझ्या नावानं आपल्या रानात गेलं असतं, आन त्याची माय फोन लावीत बसली असती.

दिवस कलल्यावर शेजारच्या रेणुकाच्या फोनवर तू रडलास. तवा कळलं. ते मेलेलं पोरगं तुझा दोस्त सिद्धोधन. तुझी पाठ धरली की तुझं हजेरीचं कार्ड घेऊन तो कामावर जायचा. त्याला ठेकेदारानं घेतलं नव्हतं, आन तू सुट्टी घेतली तर तुला काढून टाकलं असतं. एक कार्ड, दोघं पोरं. आन मुकादमानं कधी मान वर करून पाहिलं न्हाई. आपल्या गोठ्यातली म्हैस बदलली तर गल्ली विचारती, कुठून आणली गं बाई. तिथं अख्खा माणूस बदलला आन कुणाला पत्ता न्हाई. फाटकावर कार्ड वाजलं म्हणजे झालं.

दिवाळीला आलास तर भिंतीकडं तोंड करून जेवलास. गपागपा, कुणी ताट ओढून नेईल तसं. तुझ्या आईला वाटलं भाजी खारट झाली. मला वाटलं शहराचा माज चढला. आता समजतंय, त्या एवढ्या मोठ्या गोदामात तुझ्यासंगं बोलणारं ते एकच पोरगं होतं. आन ते गेलं तवा तू त्याला वळखबी दिली न्हाईस, पळून गेलास. निकिता म्हणती, आता दुसऱ्या कंपनीत तिसऱ्याच कुणाच्या तरी कार्डावर राबायलास. वा रे पठ्ठ्या.

पोलिसाला कळवून सिद्धोधनला परभणीच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्याची आई धम्मशीला त्याला चारठाण्याकडं, त्यांच्या गावी घेऊन गेली. मला वाटलं झालं, मिटलं. काल ती बाई सेलूवरून रिक्षा करून आपल्या दारात आली. चहाला शिवली न्हाई. ठेकेदार म्हणायलाय, असा कामगार आमच्याकडं नव्हताच, कार्ड चोरून गोदामात शिरला असंल. पोराचं मरण तिनं गिळलं, पण चोर हा शब्द तिला गिळवंना. मला म्हणली, आजी, तुमचा जिता हाय न्हवं, मग त्याला एवढंच बोलाया लावा, कार्ड मीच दिलं म्हणून. तिच्यासमोर मला खाली बघावं लागलं, आन खाली बघायची मला सवय न्हाई. तवा पत्र मिळालं की निघ. आधी तिच्या दारात जा, मग पोलिसात. गुन्हा लागला तर लागू दे, डबा मी आणीन. तुरुंगात निदान तुझं स्वतःचं नाव तरी लिहितील.

तुझीच, अजून राग न गिळलेली,
आजी शिवम्मा